माझ्या नाडीच्या मापाने

निपाणी, ८ नोव्हेंबर १९४३

आजपासून डॉक्टर हेरेकरांच्या दवाखान्यात जायला लागले. काम काय, असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही. औषधं ढवळायला भरमा कंपाऊंडर आहे, झाडलोटही तोच करून घेतो. माझं काम बायकांशी बोलायचं.

तंबाखूच्या वखारीतल्या बायका डॉक्टरांपुढे आल्या की पदर ओढून गप्प बसतात. उत्तरं देते सासू, नाहीतर नवरा. डॉक्टर म्हणाले, "मला आजार सासूचा कळतो आणि औषध जातं सुनेच्या पोटात. जयाबाई, तुम्ही माणूस सांभाळलेलं आहे, वाचता येतं, आणि फार बोलत नाही. मला तेवढं पुरे."

सांभाळलं ते ह्यांना. शेवटचं वर्षभर हेच डॉक्टर घरी यायचे. हे वखारीत माल तोलणारे तोलार होते. अंथरुणाला खिळल्यावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि ते झोपले की मी तोच कागद घेऊन ऐकलेले शब्द अक्षरांत शोधायची. मला वाचायला आलं ते असं. हे गेले त्याला तीन वर्षं झाली.

मी धाकट्या भावाकडे राहते. यल्लाप्पा म्हणाला, "आक्का, लोकं बोलत्याली."

चुलीपुढून त्याची बायको राजाबाई म्हणाली, "बोलू द्यात की. लोकं काय हितं येऊन भाकरी थापणार हैत व्हय?"

विषय तिथं संपला.

११ नोव्हेंबर

शिकवायची डॉक्टरांची रीत मला आवडली. म्हणतात, "काय होतंय, एवढं विचारायचं आणि थांबायचं. मध्ये तोडलं की माणूस आपल्याला आवडेल ते सांगायला लागतं." ताप येतो का, असं विचारायचं नाही. सांजच्याला कसं वाटतंय, असं विचारायचं. तारीख कुणाच्या लक्षात नसते, म्हणून सणांवरून मागं जायचं: दसऱ्याला बरं होतं का, आषाढात बेंदराला बैल सजवले तेव्हा कामावर जात होतीस का. मग जेवण, झोप, परसाकडे, लघवी, पाळी. आणि सगळ्यांत शेवटी घरात आणखी कोण आजारी आहे, आणि रात्री जवळ कोण झोपतं.

ते शेवटचं कशाला, असं मी विचारलं.

"छातीचा रोग एका पांघरुणातून दुसऱ्याकडे जातो. मुलांना आधी धरतो. लवकर सापडला तर माणूस पुष्कळदा उठतं. उशीर झाला की मी नुसता येऊन बसतो."

ह्यांच्या वेळी ते नुसते येऊन बसत होते. त्याच्या आधी जे वैद्य आले ते सगळे प्रश्न मामंजींना विचारायचे. मामंजी म्हणायचे, तसा बरा आहे. ह्यांचा सदरा रात्री घामानं भिजायचा हे मला माहीत होतं, कारण सकाळी धुवायची मी. मला कुणी विचारलं नाही.

कुणाच्याही घरी उशीर होऊ द्यायचा नाही, असं मनाशी धरून दवाखान्यात बसते आहे.

१७ नोव्हेंबर

अक्कोळची बाळाबाई आली. काय होतंय म्हटलं तर आपल्या लग्नापासून सुरुवात केली. वऱ्हाडाच्या गाड्या कुठं अडल्या, मुंडावळ्या कुणी आणल्या, पहिलं बाळंतपण, दुसरं बाळंतपण. मी तोडलं नाही. बाकावरच्या बायका कावल्या.

एकजण म्हणाली, "आज्जे, तुझ्या बारशापास्नं तरी सुरू करायचं हुतंस."

"त्येबी सांगिते, दम धर की."

शेवटी गुडघ्यावर आली. मी पाटीवर गुडघा लिहिला आणि तरी थांबले. मग म्हणते, "आन् आता दिवा लावला की दिव्याभवती रंगीत कडं दिसतंय बघ. म्हातारपण, दुसरं काय." पाटी वाचून डॉक्टर खुर्चीतून उठलेच. डोळ्यांत दाब वाढला असणार म्हणाले, तिच्या मुलाला बोलावून मिरजेला पाठवायचं ठरवलं. मला म्हणाले, "गुडघ्याचं तेल घेऊन गेली असती आणि चार महिन्यांनी आंधळी झाली असती."

आज चालत घरी येताना बरं वाटत होतं. नुसते पाय दुखत होते.

२२ नोव्हेंबर

आता बघायला शिकते आहे. जीभ, खालच्या पापणीच्या आतला रंग, नखं. घोट्याच्या वर बोटानं दाबायचं आणि खळगा राहतो का बघायचं.

थर्मामीटर फुटला आहे. लढाई सुरू असल्यामुळे नवा ना बेळगावात मिळतो ना कोल्हापुरात. सेकंदाचा काटा असलेलं घड्याळ एकच, ते डॉक्टरांना लागतं. म्हणून त्यांनी मला दुसरी रीत दाखवली. उजव्या हाताची बोटं तिच्या मनगटावर आणि डाव्या हाताची आपल्या गळ्याशी. तिची नाडी आपल्यापुढं पळते का, मागं राहते, का बरोबर चालते, ते बघायचं. ताप बघायला पालथा हात आधी आपल्या गालाला, मग तिच्या. पुढं पळाली किंवा चटका लागला तर पाटीवर 'चढ' लिहायचं. तशी नसेल तर 'सारखी'. चढ असेल तिला डॉक्टर आधी बघतात. गर्दीच्या संध्याकाळी सारखी असलेल्या बायका भरमाकडून मिश्रण घेऊन जातात.

माझी नाडी डॉक्टरांनी सकाळी घड्याळ लावून पाहिली. "ठीक आहे," म्हणाले, "हेच माप धरा."

अंगात काहीतरी उपयोगाचं आहे असं पुष्कळ दिवसांनी वाटलं.

१ डिसेंबर

हात बसावा म्हणून रात्री जेवणं झाल्यावर घरातल्यांच्या नाड्या बघते. यल्लाप्पाची माझ्यापेक्षा बरीच मंद. राजाबाईचीही मागं राहते. तिला म्हटलं, तुला अशक्तपणा आहे, दूध पीत जा.

ती हसायला लागली. "दिसभर जनावरागत राबतोय आन् म्हनं अशक्तपणा. आक्का, तुमची नाडीच कामाला घाई करतीया."

बेबीची माझ्याबरोबर चालते. बेबी त्यांची एकुलती एक, सहा वर्षांची. मुलांची नाडी जलद असतेच, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. थंडी पडल्यापासून ती आईजवळ झोपत नाही. माझ्या वाकळेत शिरते आणि म्हणते, आत्याचं अंग चुलीसारखं आहे. तिचे पाय माझ्या पोटाशी. त्या पायांचा थंडपणा गेला की मला झोप लागते. तिच्यावाचून ही तीन वर्षं मी कशी काढली असती कोण जाणे.

६ डिसेंबर

आज मालुबाई नावाची एकजण आली. वखारीत पानं निवडते. विशी ओलांडली असेल. सोबत सासू. मी मालुबाईला विचारावं आणि सासूनं सांगावं.

सासवांसाठी मी एक युक्ती काढली आहे. औषधाची बाटली घरून आणायची असते आणि ती कधी स्वच्छ नसते. मी सासूबाईंना मागच्या विहिरीवर बाटली धुवायला पाठवते. विहीर लांब आहे.

सासू गेल्यावर मालुबाईनं पदर मागं सारला. खोकला दसऱ्यापासून आहे. सांजच्याला अंग जड होतं. भूक मेली आहे. पण खोकल्याचं इथं कुणाला काय वाटणार? वखारीच्या बोळातून नुसतं गेलं तरी पाहुणासुद्धा ठसकतो. तंबाखूची खाट आहे ती, घशात जाणारी तिखट धूळ. मीही ठसकते, भरमाही.

मनगट धरलं तशी म्हणाली, "माझी बघतीस, तुझी कोण बघतंय गं?"

"माझीच तर मापाला धरल्या," मी म्हटलं. मग दोघी हसलो. दोघींनाही ठसका लागला.

तिची नाडी माझ्याबरोबर चालली, एक ठोका इकडे नाही की तिकडे नाही. अंगही माझ्याइतकंच. पाटीवर 'सारखी' लिहिलं. तिचा धीर खचू नये म्हणून म्हटलं, "सांजच्याला माझंबी अंग असंच जड हुतंय. बाईच्या जातीला राबणूक हाय, त्येला काय करायचं." तिला बरं वाटलं. भरमानं खोकल्याचं मिश्रण दिलं.

जवळ कोण झोपतं हे विचारायचं राहिलं. सासू बाटली घेऊन आली होती.

१२ डिसेंबर

यल्लम्माच्या डोंगराला जत्रेसाठी गाड्या गेल्यात, गाव ओस आहे. दवाखान्यात दिवसभरात चौघी. त्यामुळे निवांत बसून ह्यांच्या आठवणी काढल्या. काढाव्या लागतात असं नाही, असतातच. काम असलं की त्या पाठीमागं उभ्या राहतात, काम नसलं की पुढ्यात येऊन बसतात. रडू येत नाही आता. त्यांचा आवाज नीट आठवतो, याचंच बरं वाटतं.

३० डिसेंबर

चोळ्या सैल झाल्या होत्या, आज बाह्या आणि पाठ आत घेऊन शिवल्या. मंगळवार, एकादशी, त्यात संध्याकाळी जेवायची इच्छा होत नाही. राजाबाई म्हणते उपास कमी करा. मी म्हणते, देवाला आता सवय झाली आहे.

मालुबाई परत आली. खोकला गेलेला नाही. गळ्याखालची हाडं वर आली आहेत. तिच्याकडे बघून मला कसंसंच झालं, म्हणून नाडी दोनदा बघितली. दोन्ही वेळा सारखी. अंगही सारखं. सारखी असताना चढ कसं लिहायचं? डॉक्टर म्हणतात, मन काय म्हणतं ते लिहू नका, हाताला काय लागतं ते लिहा.

ह्या वेळी मात्र विचारलं, रात्री कसं असतं. "घामाघूम हुतोय. नवऱ्याला म्हनलं पांघरूण जाड हाय."

माझंही पांघरूण जाड आहे. शिवाय बेबी चिकटून असते.

१४ जानेवारी १९४४

संक्रांत. दवाखाना अर्धा दिवस. दुपारी आडवी झाले ती बेबीनं तिळाचा लाडू तोंडाशी आणेपर्यंत उठले नाही. अर्धा तिनं खाल्ला, अर्धा मी. दिवसा झोपायची सवय मला कधी नव्हती.

२८ जानेवारी

नवा थर्मामीटर आला. बेळगावच्या छावणीत डॉक्टरांचे एक ओळखीचे लष्करी डॉक्टर आहेत, त्यांनी मिळवून दिला. पाऱ्याची रेघ, बाजूला आकडे, आणि निरोगी माणसाच्या खुणेपाशी एक तांबडा बाण. बायका त्याला काच म्हणतात. दुसरीच्या तोंडातली काच तोंडात धरायला कुणी तयार नाही, म्हणून काखेत लावायची.

डॉक्टर दुपारीच एका अडलेल्या बाळंतिणीकडे गेले, ते मी असेपर्यंत आले नाहीत. मला म्हणाले होते, येतील त्यांना लावून बघा, हात बसू दे.

आधी हिवतापाच्या दोघी आल्या. त्यांच्या अंगाचा हाताला चटका बसत होता, पारा वर गेला, यात नवल नाही. मग मालुबाई. नाडी सारखी, अंग सारखं, आणि काच बघितली तर बाणाच्या पुष्कळ पुढं. शंभराच्याही वर. मला पटेना. झटकून परत लावली. तेवढीच.

सगळ्या गेल्यावर मी ती स्वतःच्या काखेत धरून बसले. काढून दिव्यापाशी बघते तर शंभराच्या वर. म्हणजे काच बिघडलेलीच आली. लढाईच्या दिवसांत असाच माल खपवत असतील. डॉक्टरांनी एवढी खटपट केली, त्यांना वाईट वाटेल. उद्या सांगावं लागेल.

२९ जानेवारी, रात्री

हे ओसरीवर बसून लिहिते आहे. आत गेले नाही.

संध्याकाळी डॉक्टरांना म्हटलं, "काच बिघडली आहे. सगळ्यांना चढ दाखवते." त्यांनी ती हातात घेतली. आधी स्वतःच्या काखेत लावली, मग भरमाच्या. दोघांची रेघ बाणाच्या जरा खालीच थांबली.

भरमा म्हणाला, "बरी हाय की ही."

डॉक्टरांनी विचारलं, "काल कुणाकुणाला लावली?"

मी सांगितलं. हिवतापाच्या दोघी, मालुबाई, आणि शेवटी मी.

"मालुबाईची नाडी आजवर कशी होती?"

"सारखी. दर वेळी बघितली की मी. सारखीच."

"कुणाच्या सारखी?"

"माझ्या," मी म्हटलं.

त्यांनी भरमाला बाहेर जायला सांगितलं, दार उघडं ठेवलं, आणि मला म्हणाले, "जयाबाई, स्टुलावर बसा." रोज ज्या स्टुलावर मी बायकांना बसवते, त्यावर मी बसले. ते माझ्या जागी बसले.

"काय होतंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

ते थांबले. मी म्हटलं, खोकला आहे, पण तो तंबाखूचा. ते थांबलेलेच. मी म्हटलं, उपास असतात म्हणून वाळले आहे. ते पाटीवर काही लिहीत नव्हते, माझ्याकडे बघत होते. असं गप्प बसून मी कितीजणींकडून वदवून घेतलं आहे. आज ते मला सोसेना. मग सांगितलं: संध्याकाळी अंग मोडतं, गाल गरम होतात, भूक नाही, रात्री चोळी भिजते. कधीपासून, तर बेंदराला नव्हतं, गणपतीला होतं. सांगत गेले तसं माझं मलाच ऐकू येत होतं. दुसऱ्या कुणी बाईनं एवढं सांगितलं असतं तर मी पहिल्या चार वाक्यांत ओळखलं असतं.

"घरात आधी कुणाला?" त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"ह्यांना."

"रात्री जवळ कोण झोपतं?"

मी उघड्या दाराकडे बघितलं. ते पुन्हा थांबले.

"बेबी," मी म्हटलं. "भावाची मुलगी. सहा वर्षांची आहे."

त्यांनी पाठीला नळी लावून छाती ऐकली. उजव्या बाजूला वरती बराच वेळ. काच लावली. मग म्हणाले, "माझं चुकलं. तुमची नाडी मी सकाळी बघितली. संध्याकाळी बघायला हवी होती."

मी म्हटलं, मालुबाईला बोलावून घ्या. त्यांनी भरमाला तेव्हाच पाठवलं.

घरी आले तर बेबी पायाशी धावत आली. मी तिला थांब म्हटलं. आवाज एवढा कडक निघाला की ती जागीच उभी राहिली. अंगणातूनच राजाबाईला सगळं सांगितलं. ती परातीतल्या पिठात हात तसेच ठेवून ऐकत होती.

"आक्का, तुमास्नी ठावं हुतं?"

"न्हाय गं."

तिनं माझ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं. हात धुतले, आत जाऊन माझी वाकळ आणली आणि अंगणातल्या दोरीवर टाकली. रात्र आहे, ऊन नाही, तरी टाकली. मग बेबीला उचलून आत नेलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला की नाही, हे मला कळलं नाही. मी तिच्या जागी असते तर ठेवला असता का, हेही सांगता येत नाही.

३१ जानेवारी

बेबीला तपासलं. डॉक्टर तिच्याबद्दल विचारायला लागले तशी राजाबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी दारात, पदर तोंडाशी धरून उभी होते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी हात वर केला. "आईला सांगू दे."

राजाबाई आधी अडखळली, मग बोलत राहिली. बेबी भाकरीचा चतकोर वासराला घालते. दिवाळीत नाक वाहत होतं, खोकला नाही. संध्याकाळी दमत नाही, उलट तेव्हाच उड्या मारते. झोपेत दात खाते. ह्यातलं अर्धं मला माहीत नव्हतं. माझ्याजवळ ती नुसती झोपत होती.

छातीत काही ऐकू आलं नाही. वाण्याच्या तराजूत तिचं वजन केलं, बेबीला त्याची फार मजा वाटली. डॉक्टर म्हणाले, "आज काही नाही. म्हणून पुढं नाहीच असं नाही. रोग शिरला असला तर अजून दिसणार नाही. निदान तीन महिने दर आठवड्याला काच लावायची, महिन्याला वजन. पारा चढला नाही, वजन घटलं नाही, तर सुटलो म्हणायचं."

मालुबाईचा आणि माझा बेडका तपासायला बेळगावला गेला.

९ फेब्रुवारी

शेतातल्या खोपीत राहते आहे. मिरजेजवळच्या आरोग्यधामात खाट मिळेपर्यंत इथंच. यल्लाप्पानं एक बाजू मोकळी सोडून जोंधळ्याची नवी ताटं बांधली, वारा सरळ येतो. दूध, अंडी, आणि उपास बंद. अंडं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ओकारी आली. आता खाते. दिवसभर पडून राहायचं. मला सगळ्यांत कठीण जातं ते हे.

बेळगावहून कळलं. दोघींच्या बेडक्यात रोग आहे. मालुबाईच्या सासूनं तिला माहेरी धाडायचं ठरवलं होतं. डॉक्टर जाऊन तासभर बसले, तेव्हा तिची खाट पडवीत टाकली. भरमा मिश्रण घेऊन आला तो तिचा निरोप सांगत होता. "आक्काला म्हनावं, तुझं माप लई महाग पडलं."

"रागावली आहे का?" मी विचारलं.

"हसत हुती. मग रडत हुती."

तिला माझ्यापासून झालं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, दसऱ्याला तुमची तिची गाठही नव्हती. खोकला त्याच्या आधीचा. तिला पुष्कळ आधी पकडलं असतं तर बरं होतं, ते खरं. पण अजून वेळ गेलेली नाही, तिचीही आणि तुमचीही.

तिचे दोन महिने माझ्या 'सारखी'त गेले. ते नुसतं लिहून ठेवते.

१५ फेब्रुवारी

दुपारी पडल्या पडल्या ह्यांच्यावर राग धरून बघितला. धरवत नाही. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या उशीला उशी लावून मी झोपत होते आणि ते वाचायचे, मी ऐकायची. त्या रात्री परत मिळणार असतील तर मी नको म्हणेन का? इथं लिहिते म्हणून खरं लिहायचं: नको म्हणणार नाही. पण ते माझ्याकडून वाकळेत बेबीपर्यंत गेलं असेल, हे मनातून जात नाही.

बेबी रोज बांधापर्यंत येते. बांध ओलांडायचा नाही हे तिला सांगितलं आहे. ती उभी राहते, मी खोपीच्या दारात बसते. ती काही विचारत नाही. मी एवढी कडक बोलले त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेलीच नाही. येते, उभी राहते, जाते.

गेल्या आठवड्यात राजाबाईला काच कशी बघायची ते मी इकडून दाखवलं. तिला अक्षर येत नाही. काठीनं मातीत मोठी काच काढली, रेघ काढली, बाण काढला. म्हटलं, आकड्यांचं तुला काम नाही. रेघ बाणापर्यंत येते का, पुढं जाते, एवढंच.

राजाबाई म्हणाली, "आन् हातानं बघितलं तर?"

"हातानं बघायचं न्हाय," मी म्हटलं. "तुझ्याबी न्हाय."

२१ फेब्रुवारी

आज काच लावायचा दिवस होता. मागच्या दोन वेळा डॉक्टरांनी स्वतः लावली. आज राजाबाईची पाळी. संध्याकाळी घेऊन ये म्हणून मी सांगून ठेवलं होतं.

दोघी बांधावर आल्या. राजाबाईनं दवाखान्यातून आणलेली काच फडक्यातून काढली, दाखवली होती तशी झटकली, बेबीच्या काखेत दिली आणि तिचा हात छातीशी दाबून धरला. मी इथून म्हटलं, "हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय." बेबीनं ओठ आत ओढून घेतले. समोरच्या शेतात तंबाखूची खोडं उभी होती, त्यांच्यावर ऊन उतरलं होतं. वेळ जाता जात नव्हता. उठून बांधापर्यंत जावं आणि आपल्या डोळ्यांनी बघावं असं फार वाटलं. जमीन घट्ट धरून बसले.

राजाबाईनं काच काढली. उजेडाकडे धरली, फिरवली, परत फिरवली.

"दिसतीया का रेघ?" मी विचारलं.

"दिसतीया. दम धरा."

मी दम धरला.

"बाणाच्या खाली हाय."

"नीट बघ."

"नीटच बघतोय की. ह्यो बाण, आन् रेघ ही हितं. अलीकडं हाय, आक्का." तिनं काच माझ्या दिशेनं धरली, एवढ्या लांबून मला काय दिसणार होतं. तरी धरली. मग खाली बघत म्हणाली, "तुमास्नी ठावं न्हवतं, त्ये मला कळतंय."

अजून नऊ-दहा आठवडे आहेत. दर आठवड्याला ही बाई इथं उभी राहणार आणि ती सांगेल ते मी खरं मानणार.

बेबी अजून तशीच उभी होती, हात छातीशी दाबून, ओठ मिटून.

"आत्या," ती ओठ फारसे न उघडता म्हणाली, "आता बोलू?"

"बोल," मी म्हटलं.

मग ती वासराबद्दल बोलायला लागली, आणि दिवेलागण झाली तरी बोलत होती. मी मध्ये तोडलं नाही.